उजव्या भिंगाचा ठिपका

गृहस्थांनी मला माफ केलं. तीन साक्षीदारांसमोर, पूर्ण शुद्धीत, सूर्य मावळायच्या आत. आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण मीही ते ऐकलं नाही असंच धरून चाललो आहे. काहीही झालेलं नाही. मंगळवार आहे, सकाळचे साडेदहा वाजलेत, मी चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत स्टुलावर बसलो आहे आणि मला जगात कुणाकडूनही काहीही नको आहे. चष्म्याच्या दुकानाचा पुढचा भाग आरशांचा आणि मालकांचा असतो, मागचा भाग माझा. मध्ये एक अर्धं दार आहे. त्याच्यावरून मला गिऱ्हाइकांची फक्त डोकी दिसतात आणि त्यांना माझा फक्त आवाज ऐकू येतो. इथे घासायचं चाक आहे, त्याच्यावर दिवसभर ठिबकणारं पाणी आहे, नंबर तपासायचं यंत्र आहे आणि भिंगांच्या पुडक्यांनी भरलेले ट्रे आहेत. अकरा वर्षं मी इथे बसून लोकांना नीट दिसेल अशी व्यवस्था करतो. तर साडेदहाला मालकांनी अर्ध्या दारावरून एक पाकीट आत टाकलं आणि म्हणाले, "काडीची बिजागरी गेलीय. हातासरशी करून टाक, ताई थांबल्यात." पाकिटावर हॉस्पिटलचा शिक्का होता. आत गोल फ्रेमचा चष्मा होता. मी तो उजेडात धरला आणि डाव्या भिंगाच्या अगदी कडेला, फ्रेमच्या खाचेला लागून, मला माझा पांढरा ठिपका दिसला.

एवढंच झालं. एखाद्याला वाटेल, ठिपका आहे, पुसून टाक. पण आमच्या धंद्यात भिंग घासून झालं की उजव्या डोळ्याच्या भिंगावर मेणाच्या पेन्सिलीने एक ठिपका द्यायचा, डाव्यावर काही द्यायचं नाही. ठिपका उजवीकडेच असतो, जसं डोकं वरच असतं. आता चष्मा टेबलावर आपल्याकडे तोंड करून ठेवला तर तो माणसासारखा समोर बसतो, आणि समोर बसलेल्याचा उजवा डोळा आपल्या डाव्या हाताला येतो. नवीन लागलेला कारागीर पहिल्या आठवड्यात इथे फसतो, मालक त्याला टपली मारतात आणि मग ती चूक त्याच्या हातून जन्मात होत नाही. मला टपली अकरा वर्षांपूर्वी मिळाली होती. बहुतेक तिचा असर संपला असावा. फ्रेम चौकोनी असती तरी वाचलो असतो, कारण चौकोनी फ्रेममध्ये उजवं भिंग डावीकडे बसतच नाही, ते कोपऱ्यात अडतं आणि ओरडतं. गोल फ्रेम काहीही पोटात घेते. मी यंत्रावर दोन्ही भिंगं लावून पाहिली. उजव्या डोळ्याचा जड नंबर डावीकडे होता आणि डाव्याचा तिरका नंबर उजवीकडे. पलीकडे ताई मालकांना सांगत होत्या, "बाबा जिन्यावरून पडले हो. खुब्याचं हाड. शुक्रवारी. तरी म्हणत होते, पायऱ्या तिरक्या दिसतात. इथे येऊन बोललेही होते ना? तुमच्यातलंच कुणीतरी म्हणालं, सवय होईल."

तो कुणीतरी म्हणजे मी. हे मला लगेच आठवलं असं नाही. आधी मानेच्या मागे काहीतरी गार बसल्यासारखं झालं, चाकावरचं पाणी तिथे ठिबकतंय की काय म्हणून मी हात लावून बघितला, कोरडं होतं. मग आठवलं. अर्ध्या दारावर एक पांढरं डोकं आलं होतं आणि म्हणालं होतं, "जरा बघता का, यातून पायरी सरळ दिसत नाही." माझ्या हातात चहाचा कप होता. चष्मा घ्यायचा, यंत्रावर लावायचा, बघायचा, हे दीड मिनिटाचं काम. मी जागचा न उठता म्हणालो, "नवीन आहे काका. सवय होईल." हे आमच्या दुकानातलं सर्वांत जुनं वाक्य आहे. मालकांच्या वडिलांपासून चालत आलेलं. शंभरातल्या नव्वद जणांना खरोखर सवय होते आणि उरलेले दहा दुसऱ्या दुकानात जातात. जिन्यावरून कुणी जाईल अशी त्या वाक्यात तरतूद नव्हती. डोकं म्हणालं, "बरं, तुम्ही म्हणता तर." आणि अर्ध्या दारावरून नाहीसं झालं. चहा काही विशेष नव्हता.

मी भिंगं काढली, अदलाबदल केली, ठिपका पुसला, बिजागरी बसवली. आठ मिनिटांत पुरावा नाहीसा झाला. मग माझ्या लक्षात आलं की पुरावा नाहीसा झाला. मालकांनी हात पुढे केला तर मी म्हणालो, "काडी अजून सैल आहे. मीच हॉस्पिटलात आणून देतो." ताई म्हणाल्या, "कशाला दादा, इतकं कोण करतं." मी मान खाली घातली. त्यांच्या सांगण्यावरून एवढं कळलं होतं की बाबांचं हृदय अशक्त आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्यांचा अंमल उतरल्याशिवाय ऑपरेशन होणार नाही आणि पुढच्या सोमवारी भूल दिली तर ती सोसेल की नाही हे डॉक्टर सांगायला तयार नाहीत. पुढचा सोमवार. घरी जाताना मी बोटांवर मोजलं आणि पुन्हा मोजलं. पुढच्या सोमवारी आत्याचा वर्षाचा प्रायश्चित्ताचा उपास होता.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. वडील यहुदी होते, आई ख्रिस्ती होती, आणि मी आठ वर्षांचा असताना दोघं एकाच महिन्यात तापाने गेले. तेव्हापासून मला आत्याने आणि मामाने मिळून वाढवलं. शनिवार आत्याचा, रविवार मामाचा, मधले पाच दिवस पाप करायला मोकळे, असं मामा म्हणायचा. आत्या चाळीस वर्षं एका नोटरीकडे टायपिस्ट होती. तिच्या लेखी कुठलीही गोष्ट तारीख, सही आणि साक्षीदारांशिवाय घडत नाही. मामा तरणतलावावर जीवरक्षक. निवृत्त झाला तरी गळ्यातली शिट्टी काढत नाही. तो रोज संध्याकाळी आत्याकडे चहाला येतो आणि दोघं देवावरून भांडतात. एक दिवस भांडण झालं नाही तर आत्या त्याला फोन करून विचारते, बरं नाही का. त्या संध्याकाळी मी दारात चपला काढत होतो तेवढ्यात आत्या म्हणाली, "कुणाचं केलंस?"

"कुणाचं काय?"

"तोंडावर लिहिलंय तुझ्या. देवाचं केलंस की माणसाचं?"

मी सगळं सांगितलं. आत्याने मध्ये एकदाच अडवलं, तारीख विचारायला. मग म्हणाली, "भिंगं उलटी बसली ती चूक. अजाणता झाली. तिला देव उपासाच्या दिवशी माफ करतो, तुझं नावसुद्धा विचारत नाही. न बघता 'सवय होईल' म्हणालास ते पाप. ते तू त्या माणसाचं केलंस. ते देवाच्या हातात नाही."

"देवाच्या हातात नाही म्हणजे?" मामा म्हणाला. "आत्याबाई, मग देव ठेवलाय कशाला?"

"मामा, तुमचा कप मी फोडला आणि शेजारणीने मला माफ केलं, तर चालेल तुम्हाला? ज्याचं मोडलं त्यानेच सोडायचं. देव भला आहे म्हणून दुसऱ्याच्या वतीने भलेपणा करत नाही." मग माझ्याकडे वळून ती सांगायला लागली आणि मला समोर टाइपरायटर दिसायला लागला. माफी समोर जाऊन मागायची. काय केलं ते नाव घेऊन सांगायचं. मोघम मागितलेली चालत नाही. नाही म्हणाला तर पुन्हा जायचं, तीनदा, दर वेळी तीन माणसं बरोबर घेऊन. आणि हे सगळं उपासाच्या दिवशी सूर्य मावळायच्या आत. मग माफीचं दार लागतं.

"आणि तो त्याआधी मेला तर?"

"मग दहा माणसं घेऊन त्याच्या थडग्यावर जायचं आणि त्यांच्यासमोर कबूल करायचं."

मी मनात माणसं मोजायला लागलो. आत्या, मामा, मालक. मालकांना नेलं तर नोकरी जाईल, म्हणजे मालक येतील पण शेवटचे. दातांचे डॉक्टर, ते मला नावाने ओळखतात. मी सातवर येऊन थांबलो आणि भीतीच्या त्या भरातही मला लाज वाटली, की पाप कबूल करायलासुद्धा पुरणार नाहीत एवढीच माणसं मी जोडली आहेत. मामाने माझ्या पाठीवर थाप मारली. त्याच्या तळहाताला अजून क्लोरिनचा वास येतो. "हे बघ भाचेबुवा, मी तीस वर्षं माणसं बाहेर काढली. बुडणाऱ्याला मी कधी विचारलं नाही की कुणाची चूक, साक्षीदार कोण. बुडणाऱ्याने एकच करायचं असतं. हातपाय मारणं थांबवायचं. जो स्वतः पोहून सुटायला बघतो तो आपणही जातो आणि काढणाऱ्यालाही नेतो. तुझ्यासाठी कुणीतरी आधीच पाण्यात उडी घेतलीय. तू फक्त अंग सोड."

"म्हणून तर तुमच्या तलावात दर वर्षी तीच तीच माणसं बुडतात," आत्या म्हणाली आणि त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

लहानपणी हे दोघं मला एकाच बकऱ्याची गोष्ट दोन तऱ्हांनी सांगत. फार पूर्वी, आत्या सांगायची, मंदिर उभं होतं तेव्हा या उपासाच्या दिवशी दोन बकरे आणत. चिठ्ठी टाकून एक देवाला देत आणि दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्या लोकांची पापं म्हणून दाखवत, मग त्याला रानात हाकलून देत. मामा सांगायचा, पुढे एक जण आला आणि म्हणाला, बकरे पुरे झाले, मी जातो. मला दोन्ही गोष्टींत एकच शंका असायची. मामाच्या गोष्टीतल्याने स्वतःहून होकार दिला, ते ठीक. पण रानात हाकललेल्या त्या बकऱ्याला कुणी सांगितलं होतं का? तो बिचारा रानात उभा राहून विचार करत असेल, आज सकाळपासून सगळे माझ्याशी असे का वागतायत. त्या रात्री गादीवर पडल्यापडल्या मला तो दिसला आणि त्याने गोल चष्मा लावला होता.

बुधवारी पहिल्यांदा गेलो. हॉस्पिटलचे जिने मी चढलो ते कठडा धरून, एकेक पायरी चाचपत, जणू माझ्याच डोळ्यांना उलटी भिंगं लावली आहेत. पायरी सरळ आहे हे दिसत होतं आणि पाय ते मानत नव्हता. तिसऱ्या मजल्यावर खिडकीजवळच्या खाटेवर गृहस्थ झोपले होते. पायाला वजन टांगलेलं. चेहरा मी पहिल्यांदाच पाहत होतो, मला फक्त डोकं माहीत होतं. चेहरा असणं फार वाईट असतं. खालच्या ओठावर एक सुकलेली खपली होती आणि ती माझी होती. माझ्याबरोबर माणसं नव्हती, पण शेजारच्या दोन खाटांवरचे पेशंट आणि एक झाडूवाली धरली तर तीन होत होती. मी वाकून, अगदी हळू, नाव घेऊन सगळं सांगितलं. ठिपका, गोल फ्रेम, चहा. गृहस्थ घोरत होते. शेजारच्या खाटेवरचा म्हणाला, "काय म्हणतोय हा?" दुसरा म्हणाला, "प्रार्थना. विम्याचा माणूस असेल." संध्याकाळी आत्याने सांगितलं, "झोपलेल्याची माफी म्हणजे सही नसलेला कागद. पण एक फेरी धरू."

शुक्रवारी ते जागे होते. चष्म्याशिवाय माझ्याकडे अंदाजाने बघून म्हणाले, "कोण? हाडाचे डॉक्टर?" मी बोललो नाही. आवाज ओळखतील ही धास्ती होती. हे मला वाटेत सुचलंच नव्हतं की कबुली द्यायची तर तोंड उघडावं लागेल आणि तोंड उघडलं की कबुलीच्या आधीच मी पकडला जाईन. मी घसा खरवडून घोगऱ्या आवाजात म्हणालो, "भेटायला आलोय."

"बसा मग. भेटायला आलेल्याला मी हल्ली एकच गोष्ट सांगतो, ऐकून ऐकून मुलगी वैतागलीय." त्यांच्या आवाजात एक विलक्षण हुशारी होती, जशी परीक्षा संपलेल्या पोरांच्या आवाजात असते. ते सांगत गेले. पूर्वी ते कचेरीत नकाशे काढायचे. आयुष्यभर रेघा ओढल्या, केसाइतकी वाकडी असली तरी त्यांना दिसायची. तरुणपणी एकदा ते आणि त्यांचा धाकटा भाऊ एक लाकडी कपाट जिन्यावरून खाली नेत होते. हे वर, भाऊ खाली. सकाळीच दोघांचं वाजलं होतं, कशावरून ते आता आठवतही नाही. "आणि मधल्या वळणावर मी हात सोडले," ते म्हणाले. "निसटले नाहीत. सोडले. क्षणभरच. लगेच पकडायला गेलो, पण कपाट काही माझ्यासाठी थांबलं नाही. त्याचा पाय जन्माचा अधू झाला. सगळे म्हणाले, बिचाऱ्याचा हात निसटला. भाऊसुद्धा म्हणाला, जाऊ दे दादा, हात निसटतो माणसाचा, मी माफ केलं. मी म्हणालो, बरं. चाळीस वर्षं त्याने मला निसटल्याबद्दल माफ केलं. सोडल्याबद्दल कुणी करायचं? मग तो गेला."

खिडकीतून ऊन त्यांच्या पांघरुणावर आलं होतं. मी ऊन बघत होतो. "चाळीस वर्षं मला प्रत्येक जिना म्हणजे भीती. उतरताना वाटायचं, आता कुणीतरी हात सोडणार. आणि गेल्या शुक्रवारी काय झालं ऐका. माझ्या घरचा जिना, रोजचा. उतरायला गेलो आणि पायरी तिरकी झाली. दोन अंशांनी, मी नकाशेवाला आहे, मला कळतं. आठवडाभर ती मला बजावत होती, त्या दिवशी तिने केलं. पडतापडता मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. म्हटलं, आलं एकदाचं. आणि बघा, डावाच पाय. त्याचाही डावाच होता." त्यांनी टांगलेल्या वजनाकडे मायेने पाहिलं. "आता भूल देऊन मारा नाहीतर जगवा. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी झोपतोय. तुम्ही परवा आला होतात का हो? शेजारचे म्हणाले, झोपेत कुणी प्रार्थना करून गेलं."

मी मान हलवली. ती त्यांना दिसली नसावी. माझ्या खिशात चष्मा होता, दुरुस्त, दोन्ही भिंगं आपापल्या जागी, आणि तो मांडीला टोचत होता. मला म्हणायचं होतं, काका, पायरी तिरकी झाली नव्हती. मला म्हणायचं होतं, तुमच्याकडे देवाने लक्ष दिलेलं नाही, मी चहा पीत होतो. ही दोन वाक्यं माझ्या जिभेवर येऊन बसली आणि मला एकाएकी समजलं की ती बोललो तर मी या माणसाला त्याच जिन्यावर परत नेऊन उभा करीन, कपाट हातात देऊन. बकरा स्वतःहून रानात निघाला होता, शिंगं उंच करून, आणि मी त्याला मागून हाका मारणार होतो की चिठ्ठी चुकली. "येतो काका," मी माझ्या खऱ्या आवाजात म्हणालो आणि घाबरून जवळजवळ पळालो.

शनिवारी आत्याला विचारलं, "सांगितल्यानेच त्याचं नुकसान होणार असेल तर?" आत्या प्रार्थनेहून येऊन बसली होती. म्हणाली, "यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं, सांगितल्याशिवाय माफी नाही. दुसरं म्हणतं, तुझं ओझं हलकं व्हावं म्हणून त्याच्या छातीवर ठेवायचा तुला अधिकार नाही."

"यातलं खरं कुठलं?"

"दोन मतं आहेत म्हटलं ना."

रविवारी मामाने मला तलावावर नेलं. दुपारची वेळ, पाणी रिकामं. त्याने मला पाण्यात उताणं धरलं, एक हात मानेखाली, एक कमरेखाली, जसं लहानपणी धरायचा. "सांग देवाला मनातल्या मनात, माझ्याने होत नाही. आणि अंग सोड." मी सांगितलं. खरंच सांगितलं, डोळे मिटून, आणि एक क्षण असा आला की कानांत पाणी शिरलं, सगळे आवाज दूर गेले आणि मला वाटलं की हे असंच असेल, इतकं सोपं, कुणीतरी खाली आहे. मग मामाने हात काढून घेतले की नाही मला माहीत नाही, पण काढेल असं वाटलं, आणि मी हातपाय झाडून त्याच्या नाकावर गुडघा मारला. तो नाक धरून काठावर बसला. "मी सोडले नव्हते रे," तो म्हणाला. नाकातून रक्त येत असताना तो हसत होता. "तुम्हा लोकांचं हेच." तुम्हा लोकांचं म्हणजे वडिलांकडच्या की चष्मेवाल्यांच्या की भित्र्यांच्या, ते त्याने सांगितलं नाही. मी त्याची माफी मागितली, नाव घेऊन, गुडघा असं म्हणून. त्याने दिली. ती माझ्या आयुष्यातली एकमेव नियमानुसार माफी.

सोमवारी मी पाणीसुद्धा न घेता निघालो. आत्या पांढरे कपडे घालून पहाटेच प्रार्थनेला गेली होती. ऑपरेशन पाचला होतं, सूर्य सहा वाजून अकरा मिनिटांनी मावळणार होता, हे मी पेपरात बघून हातावर लिहून घेतलं होतं. दिवसभर मी हॉस्पिटलच्या आसपास हिंडलो. उपाशी पोटी सगळ्या वस्तूंच्या कडा फार स्पष्ट दिसतात, इमारतींना जणू कुणी नवा नंबर दिलाय. दर कोपऱ्यावर मी ठरवायचो, सांगायचं. पुढच्या कोपऱ्यावर ठरवायचो, नाही सांगायचं. आणि प्रत्येक वेळी मला स्वतःबद्दल तोच संशय यायचा. न सांगणं ही त्यांच्यावरची दया आहे की माझी भीती? मी दोन्ही आलटूनपालटून डोळ्याला लावून पाहिल्या. नंबर सारखाच येत होता. साडेचारला वर गेलो तेव्हा खाटेभोवती ताई होत्या, नर्स होती आणि ट्रॉली घेऊन आलेला वॉर्डबॉय होता, पन्नाशीचा, मिशीवाला. तीन. मी न आणता तीन जमले होते.

"आले का प्रार्थनावाले," गृहस्थ म्हणाले. ताई म्हणाल्या, "बाबा, हे चष्म्याच्या दुकानातले. बघा, स्वतः आणून देतायत." मी मोजून एक श्वास घेतला. आता दुकान उघड झालं होतं, आवाज उघड व्हायचा होता, उरलं होतं फक्त वाक्य. मी खाटेची कडा धरली आणि म्हणालो, "काका, माझ्या हातून जाणता अजाणता तुमचं काही चुकलं असेल, तर माफ करा."

मोघम. घाऊक. आत्याच्या टाइपरायटरने तो कागद दातांखाली घेऊन थुंकला असता.

"केलं," ते लगेच म्हणाले. "माफ केलं. तुमचं काय असणार चुकलेलं, काडी सैल राहिली असेल. चला, ह्यांना घाई आहे." तीन साक्षीदार हसले. वॉर्डबॉय म्हणाला, "मलाही करा काका, जाताना ट्रॉली धडकेल." "तुलाही केलं," ते म्हणाले. मग हात पुढे करून म्हणाले, "द्या बघू चष्मा. आत जाण्यापूर्वी एकदा मुलीचं तोंड नीट बघू दे." नर्सने घड्याळ पाहिलं आणि मान डोलावली. मी चष्मा त्यांच्या कानांवर चढवला. माझी बोटं त्यांच्या कपाळाला लागली, कपाळ गरम होतं. त्यांनी ताईंकडे पाहिलं. मग खिडकीच्या चौकटीकडे. मग दाराच्या चौकटीकडे, वरून खाली, रेघ तपासावी तसं. त्यांच्या चेहऱ्यावरची हुशारी हळूहळू कमी होत गेली.

"हा तो नाही," ते म्हणाले. "यातून सगळं सरळ दिसतंय."

माझ्या कानांत तलावाचं पाणी होतं. मला अजूनही वेळ होता, ते एक वाक्य बोलायला एक श्वास पुरला असता, आणि समोर तो म्हातारा चष्म्यातून माझ्याकडे बघत होता, जड नंबरामुळे त्याचा उजवा डोळा प्रचंड मोठा दिसत होता. माझं तोंड उघडलं. मी ते उघडलं नाही, दुकानातल्या अकरा वर्षांनी ते उघडलं.

"नवीन आहे काका," मी म्हणालो. "सवय होईल."

डोळा माझ्यावरून हलला नाही. "हे मी..." ते म्हणाले, आणि त्यांच्या भुवया एकमेकींकडे सरकल्या. "बाबा, चष्मा काढायचा आता," म्हणत नर्सने तो काढून ताईंच्या हातात दिला, वॉर्डबॉयने "चला" म्हणून ट्रॉली वळवली, आणि वळताना ती खरंच दाराला धडकली. गृहस्थ आढ्याकडे बघत काहीतरी पुटपुटत होते. काय ते मला ऐकू आलं नाही. प्रार्थना असेल, किंवा जिना आठवत असतील, किंवा अर्धं दार. दुहेरी दारं मिटली, वर लाल दिवा लागला. ताई माझ्याशेजारी बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही आलात, त्यांना बरं वाटलं." मी मान हलवली. कॉरिडॉरच्या टोकाला दिसणारे जिने मला बाकावरूनच तिरके वाटत होते. म्हणजे आता चाळीस वर्षं. त्यांच्यासारखंच, न केलेल्याबद्दल माफ होऊन, प्रत्येक पायरी पायाने चाचपत, ती कधी हलेल याची वाट बघत. आणि ते आतून बाहेर आले नाहीत तर सात माणसं. सहा वाजले होते. पश्चिमेच्या खिडकीतला उजेड फरशीवरून भिंतीवर चढला होता, भिंतीवर 'सूचना व विनंत्या' अशी पेटी होती, पेटीला दोऱ्याने बांधलेलं पेन होतं आणि छापील कागदांची चळत होती. मी आत्याचा भाचा आहे. मी एक कागद घेतला आणि गुडघ्यावर ठेवून, खाडाखोड न करता, भरला.

मा. व्यवस्थापक यांस. विषय: आजचा सूर्यास्त पुढे ढकलण्याबाबत. रुग्णाशी नाते: चष्मा. महोदय, वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की अर्जदाराचे एक वाक्य बोलायचे राहून गेले असून ते ज्यांना सांगायचे ते सध्या आपल्या ताब्यात भुलीखाली आहेत. सदर वाक्य सांगावे की सांगू नये याबाबत दोन मते आहेत. तरी सदर गृहस्थ शुद्धीवर येईपर्यंत व अर्जदारास धीर होईपर्यंत, यांपैकी जे उशिरा घडेल तोपर्यंत, कॉरिडॉर क्रमांक तीनच्या पश्चिमेकडील खिडकीतील उजेड आहे तसाच राहू द्यावा, ही विनंती.